लिओच्या आईवडिलांची नावं

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलीला तर नाहीच. इथल्या मराठी मंडळातल्या ज्या लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यांनाही नाही — पण त्यांचं सोडा, ते कशालाही टाळ्या वाजवतात. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या शेजारी लिओ राहायचा. वयानं माझ्या वडिलांएवढा, पण इथे शेजारी म्हणजे अरे-तुरेचाच. एकटा, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पोलंडमधला ज्यू. लहान असताना आईवडिलांनी त्याला एका शेतकऱ्याकडे लपवून ठेवलं, मग नाझींनी त्या दोघांना नेलं आणि ते परत आलेच नाहीत. युद्ध संपल्यावर अनाथ मुलांच्या बोटीतून तो अमेरिकेत आला. आडनावसुद्धा अनाथाश्रमानं दिलेलं, खरं त्याला आठवतच नव्हतं. आठवत होतं ते एवढंच — वडील आईला काय हाक मारायचे आणि आई वडिलांना काय.

एका सर्वपित्री अमावास्येला मी घरामागच्या डेकवर ताम्हन घेऊन बसलो होतो. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर पुण्याचे गुरुजी. हो, झूमवर तर्पण — हसा खुशाल. लिओ कुंपणापलीकडून बघत होता. नंतर त्यानं विचारलं, हे काय होतं? मी ऐटीत सांगितलं, की ज्यांच्या जाण्याची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीसुद्धा आमच्यात हा दिवस असतो. नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. तो म्हणाला, त्याचं आणि त्याच्या देवाचं लहानपणापासून बोलणं बंद आहे, पण पुढच्या वेळी मी त्याच्या आईवडिलांची नावं घेईन का? आणि त्यानं ती दोन नावं मला सांगितली, अगदी हळू. मी मान डोलावली. लिहून घेतली नाहीत. दोनच तर नावं — ती काय लक्षात राहत नाहीत?

पुढच्या वर्षी गुरुजी घाईत होते, त्यांचे दुसरे यजमान ताटकळले होते. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं, हे मलाही माहीत होतं. अडचण काहीच नव्हती. पण गुरुजींपुढे ती परकी नावं उच्चारायची मला लाज वाटली. म्हटलं, नंतर सावकाश घेऊ. मग वडे-खीर हाणली आणि झोपलो. संध्याकाळी लिओ कुंपणाशी उभा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"नावं घेतलीस?"

"घेतली," मी म्हणालो.

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला तेव्हा काय वाटलं, सांगू? कंटाळा आला. आत माझा चहा गार होत होता.

मग दर वर्षी हेच. त्याचा शर्ट, माझं 'हो'. एवढ्यावरही माझं भागलं नाही. मंडळाच्या दिवाळीत मी स्टेजवर जाऊन सांगितलं — एका ज्यू म्हाताऱ्याच्या आईबापाला मी कसं दर वर्षी पाणी देतो. बायका रडल्या. कुणीतरी 'वसुधैव कुटुम्बकम्' म्हणालं. मीही डोळे टिपले. इतका दळभद्री माणूस तुम्ही पाहिलाय कधी? मी रोज पाहतो, दाढी करताना.

तोवर नावं डोक्यातून गेली होती. कधी गेली तेही कळलं नाही. लिओला परत विचारता आलं असतं, कुंपणापाशी तर जायचं होतं. पण मग आधीच्या सगळ्या वर्षांचं काय सांगणार होतो?

मागच्या हिवाळ्यात लिओ गेला. दफनाला आम्ही चार शेजारी आणि एक ज्यू धर्मगुरू. त्यांच्यात मृताचं नाव आईवडिलांच्या नावांसकट घेतात — अमक्या-अमकीचा मुलगा. धर्मगुरूंनी विचारलं, ती नावं कुणाला माहीत आहेत का? माझी मुलगी सई त्याला लिओ आजोबा म्हणायची. ती चटकन म्हणाली, "माय डॅड नोज. ही सेज देम एव्हरी इयर."

केवढ्या अभिमानानं बघत होती माझ्याकडे.

तेव्हा तरी 'आठवत नाही' म्हणता आलं असतं. कुणी मला फाशी दिली नसती. मी म्हणालो, "डेव्हिड. आणि रूथ." डेव्हिड माझा डेंटिस्ट. रूथ आमच्या ऑफिसात पेरोल बघते.

धर्मगुरूंनी ती नावं प्रार्थनेत घेतली. आता ती लिओच्या थडग्यावर कोरलेली आहेत. दगड बसवला त्या दिवशी सगळ्यांनी मलाच पुढे केलं, आणि मी गेलो. खरी नावं लिओनं या देशात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला ती आठवत नाहीत.