चीक

पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ घेऊनच परतते. मी पोट घेऊनच परतले. साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या फाट्यावर एसटी आली, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "पयली खेप परमुलखात? लोकं काय म्हनत्याल?" नवऱ्याची बोईसरला कंपनीत शिफ्ट, जेवणाचे हाल होतात, असं कारण मी दिलं होतं. खरं तर तो माझ्यापेक्षा चांगला भात लावतो.

खरं कारण माझी वहिनी. ती बाळंत झाली तेव्हा मी तिथेच होते. पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, आईने तिला मोरीत पिळून टाकायला लावलं. "जड असतंय, लेकराला बाधतं." तीन दिवस बाळाला मधाचं बोट. चौथ्या दिवशी ते छातीला लागेना. झालं, 'हिला दूधच नाही' असा शिक्का बसला आणि बाटली आली. त्याच आठवड्यात गाय व्यायली होती. तिच्या चिकाचा खरवस आम्ही वाट्या पुसून खाल्ला, वहिनीनेसुद्धा. आईशी वाद घालायची माझी छाती नव्हती, म्हणून मी पळाले.

बोईसरला मुलगी झाली. चीक जेमतेम थेंबभर. शेजारची बिहारी भाभी म्हणाली, "दूध पावडर का डिब्बा मंगवा लो." फोनवर आई म्हणाली, "मध चाटव." मी 'हो' म्हटलं आणि रडत बसले. वाटलं, हट्टापायी पोरीला उपाशी मारतेय. तेवढ्यात आमच्या चाळीतली, मूळची इथल्याच पाम गावची सुनंदाताई भात घेऊन आली. "पोट केवडासा हाय तिचा! थेंब पुरतो. रडू नको, लावत राहा." मी लावत राहिले. तिसऱ्या दिवशी दूध उतरलं.

सव्वा महिन्याने आई डिंकाचे लाडू घेऊन आली. पोर पिताना पाहून म्हणाली, "बरं झालं बाई, तुला दूध हाय." मग मी सांगूनच टाकलं. मध दिलाच नाही, चीक पाजला, आणि त्यासाठीच गावाहून निघाले. आता भांडण होणार, असं धरून बसले होते. आईने पोरीचं टोपडं सारखं केलं.

"म्हंजे तू जल्मलीस तवा तुला मी उगाच तीन दिस रडवलं, व्हय गं?"

तिच्या सासूने सांगितलं तेच तिने केलं होतं. घर कुठलं विचारलं तर आता मी बोईसर सांगते. पण आईपासून काही लपवायचं उरलं नाही, म्हणून गावही पुन्हा माझं झालंय.