डोंगरावरच्या चुली

यांना ऑपरेशनसाठी आत नेलं आणि माझ्या तोंडून प्रार्थनाच फुटेना. आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; अमेरिकेत पार्सिपनीत येऊन बरीच वर्षं झाली. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून ज्या देवाने आमच्या पूर्वजांना सोडवलं, त्याचीच करुणा भाकायची, हे लहानपणापासूनचं. पण माझी मुलगी रिव्का कॉलेजात आर्किऑलॉजी शिकते. त्याच सुटकेच्या सणाच्या, पेसाखच्या जेवणात ती म्हणाली होती, "आई, इतकी माणसं वाळवंटातून आल्याचा एव्हिडन्स नाही गं. इस्राएली लोक बहुधा तिथलेच, कनानच्या डोंगरांतले." तेव्हा मी विषय बदलला. आता वेटिंग रूममध्ये तेच शब्द छातीवर येऊन बसले. त्याने कुणाला सोडवलंच नसेल, तर मी हाक कुणाला मारतेय? शेजारी बसलेल्या रिव्काला हे विचारायचीही भीती वाटत होती.

समोर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीचंही ऑपरेशन चाललं होतं. रिव्काच्या हातातलं पुस्तक पाहून त्यांनी चौकशी केली. उमेदीची वर्षं त्यांनी त्याच डोंगरांत उत्खनन करण्यात घालवली होती. वेळ जावा म्हणून असेल, ते सांगत राहिले. लहान लहान वस्त्या, ना तटबंदी ना राजवाडा. पाण्यासाठी खडकात खोदलेली टाकी. भांडी आसपासच्या लोकांसारखीच, पण हाडांच्या कचऱ्यात डुकराची हाडं जवळजवळ नाहीत; आम्हीही डुक्कर खात नाही. मिसरच्या एका राजाने शिळेवर इस्राएलचं नाव कोरून ठेवलंय, तेही त्यांचा निर्वंश केला म्हणून.

मला राहवलं नाही. आमच्या पूर्वजांना वाट द्यायला समुद्र खरंच दुभंगला का, असं मी विचारलं.

"ती वाट मला सापडली नाही. त्यांच्या चुली सापडल्या," ते म्हणाले. "पण आपल्याला कुणीतरी सोडवलंय, असं मनापासून वाटल्याशिवाय माणसं अशी गोष्ट पोराबाळांना सांगत नाहीत."

इतक्यात नर्सने त्यांना आत बोलावलं. तिचा चेहरा उतरलेला होता. ते उठले, आम्हा दोघींकडे पाहून मान हलवली आणि गेले. मी डोळे मिटले. शेमा, आमची रोजची प्रार्थना, आपोआप ओठांवर आली. रिव्काने माझा हात धरला आणि तीही हळू आवाजात म्हणू लागली. भीती गेली नाही, पण त्या भीतीत मी एकटी उरले नाही.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. धोका टळला होता. हे आता घरी आहेत, काठी घेऊन अंगणात फिरतात.

ते गृहस्थ पुन्हा दिसले नाहीत. त्यांना कुणी पाठवलं, हे मी कुणाशी वाद घालून ठरवत नाही. त्यांच्या पत्नीचं काय झालं, कळलं नाही. नावही विचारायचं राहिलं. शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावताना त्यांच्यासाठी प्रार्थना करते, तेव्हा मी नुसतं "त्या बाई" म्हणते. कोण ते त्याला ठाऊक आहे. मला ठाऊक असायलाच हवं, हा हट्ट आता सुटला.