हात वर करून उभं राहता येईल असा तंबू

तंबू विकत घ्यायला आलेला माणूस आधी त्यात उभा राहून बघतो. का, ते मला अजून कळलेलं नाही. तंबूत झोपायचं असतं. पण आमच्या सरांनी निगडीच्या दुकानात मांडून ठेवलेल्या निळ्या-नारिंगी तंबूत बुटांसकट प्रवेश केला, दोन्ही हात वर केले आणि छताला हात लागत नाहीत असं आतूनच जाहीर केलं. दुकानदार खूश झाला. म्हणाला, पवनेला सगळे हाच नेतात. सरांनी तो घेतला.

आम्ही पवनेला जाणार नव्हतो. आम्ही फेब्रुवारीत हिमाचलात स्की करायला जाणार होतो, जिथे ना वर नेणारी लिफ्ट ना हॉटेल अशा उतारांवर. चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, उतरताना काढायच्या, आणि रात्री बर्फातच राहायचं. आम्ही चौघं चाकणच्या एकाच कंपनीतले: सर, सरांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा एक सहकारी, खरेदी विभागातल्या ताई आणि मी. आदल्या हिवाळ्यात औलीला स्कीचा कोर्स एकत्र केला होता, तेव्हापासून सर स्वतःला आमचे कॅप्टन समजायला लागले. हिमाचलातला वाटाड्या वर भेटणार होता. तंबू मात्र आमचे आम्ही न्यायचे होते.

सरांचा तंबूचा सगळा अनुभव पवना धरणाच्या काठावरचा. तिथे रांगेत तंबू लावून ठेवलेले असतात, स्पीकर असतो, पनीर भाजणारे काका असतात, आणि सकाळी पोहे मिळतात. अशा ठिकाणी तंबूला मोठ्या जाळीच्या खिडक्या हव्यात, कारण आत उकडतं. बर्फात वारा सुटला की बारीक भुकटी त्या जाळीतून चाळणीतून पीठ पडावं तशी आत येते, स्लीपिंग बॅगवर बसते, अंगाच्या उबेने वितळते आणि मग माणूस ओल्या गोधडीत गोठत पडतो. हे मी ग्रुपवर नीट, नम्रपणे लिहिलं होतं. दोन छोटे, बुटके तंबू घेऊ. दांड्या एकमेकींना बऱ्याच ठिकाणी छेदणाऱ्या हव्यात, म्हणजे बर्फाचं ओझं पेलतील. बाहेरचं कापड जमिनीपर्यंत आलेलं हवं आणि वर लहान झरोका हवा, नाहीतर आपलाच श्वास आतून गोठून तोंडावर पडतो. सरांनी अंगठा दाखवला, आणि खाली लिहिलं की आपण जरा प्रॅक्टिकल होऊ. सहकाऱ्यानेही अंगठा दाखवला. त्यांच्या अंगठ्याला.

बुटक्या तंबूत गुडघ्यांवर शिरावं लागतं. सरांना गुडघ्यांवर यायची सवय नव्हती.

मी मीटिंगमध्ये बोलत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून सगळ्यांच्या इंग्रजी मेल माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेवढीच माझी ओळख. पण या वेळी गप्प राहणं परवडणारं नव्हतं. घरून परवानगी मिळाली होती ती ताई सोबत आहेत म्हणून, आणि याच खेपेपुरती. पुढच्या वर्षी कोणी जाऊ देणार नव्हतं. आणि त्या उभ्या खोलीत बर्फात झोपायला मी जाणार नव्हते, हेही माझं ठरलं होतं. म्हणजे सरांचा तंबू निघाला की माझं जाणं संपलं.

मी एवढंच मागितलं की निघण्याआधी एकदा सरांचा आणि माझा, दोन्ही तंबू वाऱ्यात लावून बघू, हातमोजे घालून. एका रविवारी आम्ही दिघीच्या टेकडीवर गेलो. तिथे वारा कधी थांबत नाही, आणि उताराच्या तळाला लष्कराच्या हद्दीची भिंत आहे.

सरांनी हातमोजे बॅगेतून काढलेच नाहीत. म्हणाले, इथे कुठे थंडी आहे. मी घातले. फिरायला आलेल्या बायका थांबून बघू लागल्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली की पोरीच्या हाताला काही झालं असेल. माझा छोटा तंबू मी स्वतः आणला होता, आणि ताणाच्या सगळ्या दोऱ्यांना घरीच फासे बांधून ठेवले होते, कारण जाड मोज्यांत गाठ मारता येत नाही. बर्फात खुंटी धरत नाही. कापडी पिशवीत बर्फ भरून ती आडवी पुरायची आणि वरून तुडवायचं, थोड्या वेळात ती दगडासारखी होते. इथे मी पिशव्यांत मुरूम भरला.

पलीकडे सरांचा तंबू उभा राहत होता. सोबत आलेल्या खुंट्या मुरमात वाकल्या, म्हणून सहकारी एक कोपरा धरून उभा होता. तेवढ्यात सरांना फोटो हवा झाला. फोन ताईंकडे दिला, आपण दारापुढे उभे राहिले आणि सहकाऱ्यालाही बोलावलं. तो कोपरा सोडून धावत आला. सरांनी बोलावल्यावर तो स्टिअरिंगही सोडून येईल.

तंबू एकदा फुगला, आडवा झाला, उतारावरून गडगडत गेला आणि भिंतीपलीकडे दिसेनासा झाला. ताईंनी फोन खाली घेतला.

"सर, गेली की वो तुमची खोली."

फाटकावरच्या जवानाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चौघं माणसं, एक तंबू, आणि तो धरायला कुणी नाही, हे त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतलं. मग म्हणाला, लेखी अर्ज द्या, साहेब बघतील. आम्ही गाड्यांपाशी परत आलो. सरांनी माझ्याकडे कागद सरकवला. इंग्रजीत कडक अर्ज लिही, तुझा त्यात हात बसलाय.

मी पेन घेतलं, पण लिहिलं नाही.

"लिहिते. पण तो परत आला की तुमच्या घरी जाईल, सर. बर्फात नाही. बर्फात दोन छोटे."

सर हसले. इतरांनीही हसावं म्हणून वाट पाहिली. सहकारी हसला.

"लिहून घ्या, सर," ताई म्हणाल्या. "ही काय रोज बोलत न्हाई."

जवान लांबून आमच्याकडे बघत होता. सर म्हणाले, बरं बाई, तुझं खरं. मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून अर्ज लिहिला. सरांनी तो वाचला आणि 'ऑफिसर' शब्दाआधी 'एस्टीम्ड' घालायला लावलं. मी घातलं. तेवढ्याने तंबूचं काही बिघडत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो परत मिळाला, एका बाजूची जाळी फाटलेला. आता तो पवनेला जातो, जिथला तो आहे.

हिमाचलात माझ्या तंबूसोबत तसाच आणखी एक छोटा तंबू गेला. एकात ताई आणि मी, दुसऱ्यात सर आणि मान डोलावणारा. स्की पायात ठेवूनच आम्ही जागा तुडवून सपाट केली, बर्फ घट्ट व्हायची वाट पाहिली, पिशव्या पुरल्या. सरांनी हातमोजे हातातून काढले नाहीत. संध्याकाळपासून वारा सुटला आणि कापड थडथडत राहिलं. शेजारच्या तंबूतून सरांचा आवाज येत होता. आपण बुटका तंबू का निवडला, झरोका किती महत्त्वाचा असतो, सगळं ते सहकाऱ्याला समजावत होते.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "सांगू का त्यांना, कुणी निवडला ते?"

मी नको म्हटलं.

सकाळी वारा पडला होता. शेजारच्या दाराची चेन खालून वर सरकली आणि सर गुडघ्यांवर, हात बर्फात टेकत बाहेर आले. तेवढंच बघायला मी लवकर उठून बसले होते.