सडकेच्या खालून

जालन्याहून राजूरकडे पक्की सडक निघाली तेव्हा मी नुकतीच नांदायला आले होते. हैदराबादहून आलेल्या नकाशात आमचं गाव नव्हतं, फक्त शिवार होतं. सासऱ्यांनी इंजिनियरला विचारलं, "साहेब, गावाला फाटा?" तो म्हणाला, "सडक जिल्ह्यासाठी असते, गावासाठी नाही."

तरी खडी फोडायला गावच्याच बायका लागल्या. मी आणि माझी थोरली जाऊ शेजारी बसायचो. डोळ्यांना आडोसा म्हणून पदर ओढून घ्यायचा, एवढंच. एका सकाळी तिच्या हातोड्याखालून कपची उडाली. तिनं डोळा दाबला अन् म्हणाली, "काही न्हाई, कचरा गेला." मुकादमानं तिला सावलीत बसू दिलं, पण घरी जाऊ दिलं नाही.

सडक तयार झाली. डोळा मात्र दुखतच राहिला, अन् पावसाळ्यात एकाएकी सुजून आला. माझ्या नवऱ्यानं गाडी जुंपली. आम्ही तिला जालन्याच्या दवाखान्यात न्यायला निघालो. सडकेला लागलो तोच चौकीदार आडवा आला.

"गाडी खाली घ्या. चाकाच्या लोखंडी धावेनं सडक फुटते. हुकूम आहे."

"बाईचा डोळा चालला, भाऊ," नवरा म्हणाला. "ही खडी तिनंच फोडलेली हाय."

"मंग? खडी फोडली म्हणून सडक तुमची झाली का?"

आम्ही गाडी खाली घेतली. सडकेच्या कडेनं काळ्या मातीतून बैल गुडघ्यापर्यंत रुतत होते. चाक निघावं म्हणून मी चिखलात उतरून मागून रेटा दिला. वर एक मोटार सुसाट निघून गेली. जाऊ गाडीत पडून होती. कण्हतसुद्धा नव्हती.

दवाखाना गाठेपर्यंत दिवस कलला. डॉक्टरनं डोळा पाहिला आणि नवऱ्याला बाजूला घेतलं. "जल्दी आणायचं होतं," तो म्हणाला. बाहेर येऊन नवऱ्यानं बैलांच्या अंगावरचा चिखल पुसला. बराच वेळ पुसत होता.

पुढं निजामाचं राज्य गेलं. साखळी घेऊन नवे साहेब सडक मोजायला आले. जाऊ एका डोळ्यानं त्यांच्याकडं पाहत पुढं झाली. "साहेब, आता आमच्या गाड्या वरून चालू देता का?"

साहेब भला माणूस होता. हसून म्हणाला, "रबरी टायर बसवा, बाई. मग बिलकुल चालवा."

ती मागं फिरली. आमची गाडी पुढंही बरीच वर्षं खालूनच चालली.