सहादेव कंडक्टरची बदनामी

सहादेव गर्जे याच्याबद्दल आमच्या गावात जेवढं वाईट बोललं गेलं, त्यातलं निम्मं माझ्या तोंडून निघालं. आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

सहादेव तीस वर्षं एसटीत कंडक्टर. पाथर्डी–नगर गाडीवर. सख्ख्या सासूलाही त्यानं कधी फुकट बसू दिलं नाही. ती खिडकीतून बाहेर बघत बसायची आणि हा तिच्या कानाशी तिकिटाला भोक पाडायचा चिमटा टिकटिकवत उभा. निवृत्त झाला त्याच वर्षी त्याचा मुलगा अमृत गेला. पोलीस भरतीसाठी आमच्याकडची पोरंपोरी सकाळी डांबरी रस्त्यावर धावतात, त्यात अमृत सगळ्यांच्या पुढं. एक दिवस पुलाजवळ खाली बसला आणि उठलाच नाही. वय बावीस. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्मापासून खोट होती, वेळेत तपासलं असतं तर कळलं असतं.

वर्षभर सहादेव घरातून बाहेर पडला नाही. मग एका सकाळी खाकी पँट, गळ्यात ती जुनी चामड्याची पिशवी, हातात चिमटा, असा दारोदार फिरायला लागला. "पोरांच्या हृदयाची तपासनी करायचीय. नगरहून डाक्टर येनार, मशीन येनार. तिकीट दोनशे."

रामहरीच्या हॉटेलात आम्हाला दुसरा विषय उरला नाही.

"सरपंचकीला उभा ऱ्हानार बघा," पहिली पुडी मी सोडली.

"आबा, दर गुरवारी नगरला जातोय," रामहरी गाळणीतला चहा झटकत म्हणाला. "कुनाकडं जात आसंल?"

"मशीनवाल्याकडं. कमिशन ठरवायला."

"आन त्यो चिमटा? सरकारी माल हाय. घरी कसा आला?"

हे मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. एका गुरुवारी तो नगरच्या ज्या गाडीत चढला तिच्यातच मी गुपचूप मागं बसलो. तो स्टँडवर उतरला, मी उतरलो. तो एका दवाखान्यात शिरला, मी समोर उसाच्या रसाच्या गाड्यामागं उभा राहिलो. दोन तास तो बाकावर नुसता बसून होता. शेवटी एक डॉक्टर बाहेर आले, पाच मिनिटं बोलले आणि आत गेले. सहादेव रस्ता ओलांडून थेट माझ्याकडं आला. "आबा, परतीचं तिकीट मी काढू का तुमी काढताय?"

माझा संशय आणखी वाढला. एवढं हिंडून हा माणूस एक चहासुद्धा पीत नाही, म्हणजे डाव मोठा असणार.

गावानं पैसे दिले, पण ब्याद टळावी म्हणून. सप्त्याची वर्गणी देतो तशी. मशीनखाली आपलं पोरगं झोपवायला कोणी तयार नव्हतं. खोट निघाली तर पोराला भरतीत कोण घेईल आणि पोरीला कोण पदरात घेईल? सहादेवनं प्रत्येक तिकिटावर त्या घरातल्या पोराचं किंवा पोरीचं नाव घातलं, चिमटा मारला आणि म्हणाला, "तिकीट फाडलंय. शीट मोकळी न्यायची न्हाई."

गडी गाव ओळखून होता. पैसे भरलेलं तिकीट वाया घालवणारा माणूस आमच्याकडं अजून जन्माला यायचाय. रविवारी शाळेत ही रांग! मीही माझी नात सुकन्या पाठवली. वय एकोणीस, ती त्याच रस्त्यावर धावायची, आणि बेलापूरच्या एका स्थळाशी तिची बोलणी चालू होती.

ज्याचा निकाल त्याच्याच हातात, बंद पाकिटात. तरी संध्याकाळपर्यंत गावात फुटलंच की एकाच्या हृदयात काहीतरी सापडलंय. कोणाच्या, ते कळेना. लोक विचारायला माझ्याकडंच आले, आणि ते पाकीट माझ्या बंडीच्या खिशात होतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. हृदयात एक जादाची वायर आहे, करंट भलत्या वाटेनं पळतो. मांडीतून बारीक नळी घालून ती वायर जाळायची, की पोरगी ठणठणीत. तोवर मात्र एक पाऊलही धावायचं नाही. मला तो पूल दिसायला लागला.

तीन दिवस मी हॉटेलाकडं फिरकलो नाही. चौथ्या दिवशी सहादेव घरी आला. वाटलं, आता हा माझं सगळं व्याजासकट काढणार.

"आबा, हाटेलात का येत न्हाई?"

"जीव लागत न्हाई रं."

"लागू नगा दिऊ. पर तुमी गप बसलात तर चार दिसात गावाला कळंल. रामहरी कालच म्हनत हुता, आबाची जीभ बंद हाय, पानी तिथंच मुरतंय."

"मग करू काय?"

"माझी निंदा चालू ठिवा."

"निंदा? ती कशाला?"

"पोरीचं नाव फुटलं आन सोयरीक मोडली, तर फुडच्या गावात एक पोरगं माझ्या मशीनखाली झोपनार न्हाई," तो म्हणाला. "मला बसू द्या शिव्या. पन्नास शीटांच्या गाडीत नव्वद मानसं कोंबून जलमभर त्याच खाल्ल्यात."

दुसऱ्या दिवशी मी हॉटेलात गेलो. सुकन्याचा पाय मुरगळलाय, महिनाभर धावणं बंद, हे सहज बोलता बोलता टाकून दिलं. मग आवाज खाली घेतला. "कळलं का? कंडक्टरनं नगरला, सावेडीत प्लॉट घेतला."

रामहरीनं शेगडी सोडून बाकडं जवळ ओढलं. "व्हय? मी म्हनलंच हुतं."

तेवढ्यात खुद्द सहादेव पिशवी अडकवून समोरून निघाला, पुढच्या गावाची जीप गाठायला. सगळ्यांनी बशीत तोंड घातलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि चिमटा दोनदा वाजवला. डबल बेल म्हणजे गाडी जाऊ द्या.

"एक न्हाई," मी म्हणालो, "दोन प्लॉट."

महिन्याभरात सुकन्याची वायर जाळून झाली. बेलापूरच्या मुलाला ते पाकीट तिनं स्वतःच्या हातानं दाखवलं. त्यानं ते वाचलं, आणि लग्नाआधी आपलीही तपासणी कुठं होईल ते विचारलं. आता ती पुन्हा धावते. हे लिहायची परवानगीही तिचीच.

गावाला मी सगळं खरं सांगून टाकलं. सुकन्याचं त्यांना पटलं. प्लॉटचं मात्र पटत नाही. परवाच रामहरी मला बाजूला घेऊन विचारत होता, "आबा, मला तरी खरं सांगा, सावेडीला रेट काय चाललाय?"