छायावहिनींनी पास केलेले ब्रेक

सुरतेतल्या बमरोलीच्या सोसायटीत बातमी फुटली की काशिनाथआप्पा दुसरी बायको बघतायत. दर रविवारी इस्त्रीचा शर्ट, मिशीला ताजा रंग आणि परत येताना पडलेला चेहरा. आणखी काय पुरावा हवा? फक्त स्कूटरवर मागे त्यांची बायको, छायावहिनी, स्वतः बसलेल्या असत, एवढी बारीकशी गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली. आप्पा बघत होते सायकल. तीही शर्यतीची, वाकड्या हँडलची!

पन्नाशीला टेकलेले आप्पा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये मशीन सांभाळतात. मिलमधली पोरं सायकलीनं सापुताऱ्याला निघणार होती आणि मनातल्या मनात आप्पा घाट कधीच चढून बसले होते. वहिनींची अट एकच: ब्रेक मी पास करणार. लग्नाच्या नव्या नवलाईत आप्पांनी त्यांना कॅरिअरवर बसवून मिरवत नेलं होतं आणि उतारावर ब्रेक न लागल्यानं थेट परक्यांच्या पंगतीत, वरणाच्या पातेल्याशी उतरवलं होतं. वहिनी हे विसरल्या, असं फक्त आप्पांना वाटतं.

पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात आप्पांचा जीव एका लाल सायकलीवर जडला. हलकीफुलकी, बावीस गिअर, रिमला दाबणारे रबरी ब्रेक.

"काका, सुरत तो सपाट छे," एवढे ब्रेक पुरे, अशा थाटात दुकानदार महेशभाईनं भर घातली.

घाटात पाऊस लागला तर, म्हणून वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दोन्ही रिमांवर ओतली आणि आपल्या खानदेशी बोलीत फर्मावलं, "आधी थांबस का ते दखू द्या. बसा!"

आप्पांनी गल्लीत जोरात सायकल मारली, ब्रेक दाबले, तरी ती चुंई करत लोचो विकणाऱ्या नाश्त्याच्या लारीपर्यंत गेली. लारीवाल्यानं आपली डिश वर उचलली.

"नापास," वहिनी म्हणाल्या.

मग काळी सायकल, चाकाच्या मध्यावर डिस्क ब्रेकवाली. पुन्हा पाणी. या वेळी आप्पा जागीच थांबले, टोपी तेवढी पुढे गेली. पण तेवढ्याच पैशांत ही जड होती आणि गिअरही कमी.

"सोळाच गिअर गं!" आप्पा लाल सायकलीकडे बघत कळवळले.

"बाविसांचा दम आहे का तुमच्यात?"

काळीच घरी आली.

गेल्या रविवारी सापुताऱ्याहून उतरताना पोरं ओल्या रस्त्यावरून सुसाट खाली पोचली. त्यांचा चहा पिऊन झाला, तेव्हा कुठे आप्पा वळणावर दिसले, दोन्ही ब्रेक घट्ट धरून.

मिलमधला योगराज ओरडला, "आप्पा, एवढे भारी ब्रेक घेतले आणि सगळ्यांत मागे?"

आप्पा उतरले, घाम पुसला आणि म्हणाले, "ब्रेकसाठी महिनाभर दुकानं पालथी घातली. आता दाबूपण नको का?"