सहावं ब्लँकेट

मापोलोकोला चालण्याचे पैसे मिळतात, याचं 'हा लेतुका'ला, म्हणजे लेतुकाच्या गावाला, अजून हसू येतं. लेसोथोच्या या डोंगरांत चालत कोण नाही? बाया पाण्याला चालतात, पाद्रीबाबा प्रार्थनेला चालतो, मेंढरं तर जन्मल्यापासून चालतात, त्यांना कुणी पगार दिलेला नाही. मापोलोको मात्र चालून आली की राजधानीतल्या ऑफिसातून तिला पाकीट येतं. "काय गं, आज किती पावलं विकलीस?" असं शेजारणी विचारतात. ती म्हणते, "तुम्ही फुकट वाटता, मी विकते. शहाणं कोण?"

ती या गावात एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून आली. आमच्याकडे सुनेला सासरी पाऊल टाकल्या दिवशीच नवं नाव मिळतं, तेही पुढे होणाऱ्या लेकराच्या नावावरून. सासूने नाव ठेवलं मापोलोको, म्हणजे पोलोकोची आई. पोलोको जन्माला यायला पुढे सहा वर्षं लागली. तोवर ही बाई नसलेल्या पोराची आई म्हणून मिरवत होती आणि ओढ्यावर टोमणे खात होती. नवरा पलीकडे दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणीत होता. तो छातीचं दुखणं घेऊन परतला आणि दोन हिवाळ्यांत गेला. मग पोर सासूपाशी ठेवून ती पलीकडच्याच ब्लूमफाँटेन शहरात आठ वर्षं धुणीभांडी करायला राहिली. तिथे इंग्रजी शिकली, आणि गोऱ्या माणसाला काय रुचतं, काय खुपतं, तेही शिकली.

परत आली तेव्हा ऑफिसवाल्यांनी पायी सहली सुरू केल्या होत्या. पाच दिवस गावोगाव चालायचं, लोकांच्या गोल दगडी घरांत झोपायचं, मक्याच्या पिठाचं घट्ट पापा आणि पालेभाजी खायची, बीअर कशी गाळतात ते बघायचं. मापोलोको आधी स्वयंपाकाला लागली. मग वाटाड्यांना इंग्रजी अडलं की पुढे होऊन बोलू लागली. एका एप्रिलमध्ये, ती शेहेचाळीस वर्षांची असताना, ऑफिसने पहिल्यांदा अख्खी सहल तिच्या हाती दिली. डेन्मार्कहून आलेली सहा माणसं, सामानाला तीन घोडी आणि घोडी सांभाळायला फाकिसो.

सासूला, माथाकानेला, हे पसंत नव्हतं. म्हातारी शब्दांची काटकसर करणारी नाही. "परक्या माणसांना कळपासारखं हाकत डोंगर हिंडायचं, हे काय बाईमाणसाचं काम? एक दिवस हरवून बसशील कुणाला. मग लोक बोट दाखवतील ते माझ्या घराकडे."

सहलीची पहिली रात्र हा लेतुकालाच होती, मापोलोकोच्या स्वतःच्या घरी. एप्रिल म्हणजे आमच्याकडे हिवाळ्याची चाहूल, थंडी पडायला लागली होती, म्हणून तिने सहाही जणांना आपली लोकरी ब्लँकेटं दिली आणि खांद्याशी पिन लावायला शिकवलं. पाहुणे खूश होऊन एकमेकांचे फोटो काढत बसले. त्यांत सगळ्यांत खूश होते अँडर्स, एकाहत्तर वर्षांचे, निवृत्त पोस्टमन, इतके उंच की दारातून आत येताना दोनदा वाकायचे आणि तरी एकदा आपटायचे.

दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून पलीकडच्या हा सेक्वाती गावाला जायचं होतं. निघाले तेव्हा आभाळ निवळ होतं. खिंडीत पोचले आणि खालून धुकं असं चढून आलं की मापोलोकोला स्वतःचे बूट दिसेनात. तिने सगळ्यांना थांबवलं, पाणी प्यायला लावलं आणि निघण्याआधी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. धुक्यात चेहरा कुणाचाच दिसत नव्हता, पण ब्लँकेटं सहा होती. ती म्हणाली, चला.

आता आमच्याकडे ब्लँकेट पांघरत नाही असा माणूस दाखवा. फाकिसो घोडी मागे बांधून, पुढची वाट घसरडी आहे का ते विचारायला आला होता आणि पाहुण्यांच्या घोळक्यात तपकीर ओढत उभा होता. सहावं ब्लँकेट त्याचं होतं. अँडर्स तेव्हा एका खडकाआड लघवीला गेले होते. भल्या माणसाने कुणाला सांगितलं नाही, कारण बायकांसमोर असं सांगणं त्यांना बरं वाटलं नाही.

हे कळलं पाऊण तासाने, पलीकडच्या उतारावरच्या ओढ्यावर. दगडांवरून पलीकडे जाताना मापोलोको एकेकाला हात देत होती. पाच हात झाले आणि सहावा आलाच नाही.

"तो लंबू कुठंय?" तिने विचारलं.

"तुझ्याबरोबर होता ना?" फाकिसो म्हणाला.

"मी मोजले होते. खिंडीत सहा होते."

फाकिसोने आपल्या ब्लँकेटकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "म्मे मापोलोको, खिंडीत मीपण होतो."

खिंडीच्या डाव्या अंगाला कडा आहे. वाट तिथे दोन हातांवरून जाते, आणि धुक्यात दोन हात म्हणजे काहीच नाही.

"मी जातो बघायला," फाकिसो म्हणाला. "माझ्याकडे घोडं तरी आहे."

"घोड्यावर बसून खाली पडलेला माणूस दिसतो का? तू या पाच जणांना सेक्वातीला ने. चुलीपाशी बसव, खाऊ घाल. कुणी विचारलं तर सांग, मी मागून येतेय."

"आणि ऑफिसला?"

"ऑफिसला मी सांगेन. आधी सांगायला काहीतरी कळू दे."

ती मागे वळली आणि जवळजवळ धावतच चढ चढली. तिचे वडील सारखे डोळ्यांपुढे येत होते. असंच धुकं होतं, वर बर्फ पडत होता, आणि ते चुकलेली घोडी शोधायला गेले होते. तिसऱ्या दिवशी गोठून गेलेले सापडले, घरापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर. अशा हवेत बाहेर कुणी नव्हतं, म्हणून ते वाटेत कुणालाच भेटले नव्हते. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हा परका म्हातारा तर तिच्या शब्दावर या डोंगरात आलेला, तिने दिलेलं ब्लँकेट पांघरून. खिंडीत पोचून तिने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. कड्याशी पालथी झोपून खाली बघितलं. खाली पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

कुत्री भुंकली आणि धुक्यातून एक मेंढपाळ पुढे आला, गमबूट, काठी, कान झाकणारी टोपी.

"उंच गोरा म्हातारा बघितलास का?" ती ओरडली.

तो थांबला. तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळून म्हणाला, "लुमेला, म्मे."

म्हणजे नमस्कार, आई. इतक्या घाईतही, आधी नमस्कार न केल्याची तिला लाज वाटली आणि तीही त्याला बाबा म्हणाली. "लुमेला, न्ताते."

"कुठून आलात? कुठे निघालात?"

हे दोन प्रश्न आमच्याकडे वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणारा एक तर चोर असतो, नाहीतर शहरातला. तिने भराभर दोन्ही उत्तरं दिली.

"मग असं सांगा ना," मेंढपाळ म्हणाला. "भेटला तुमचा लंबू. मी विचारलं कुठे निघालात, तर अगदी स्वच्छ म्हणाला, मी हा लेतुकाला चाललोय. मग त्याला लेतुकाकडच्या उताराच्या वाटेला नेला आणि त्या बाजूच्या ओढ्यापर्यंत सोबत केली. तिथून लाकडं नेणारी एक बाई होती, तिच्या हवाली केला. एक विचारू? पाहुण्याला असं एकटं सोडतात का?"

ते वाक्य तिनेच शिकवलं होतं. आदल्या दिवशी लेतुकाला येताना तिने सहाही जणांकडून आमच्या भाषेत घोकून घेतलं होतं, 'मी हा लेतुकाला चाललोय', म्हणजे वाटेत कुणी विचारलं तर पाहुण्यांची फजिती नको. बाकीचे पाच जण जेवणापर्यंत विसरले. अँडर्सना तेवढं एकच वाक्य येत होतं आणि ते त्यांनी नेमाने वापरलं होतं. लोकांनीही नेमाने त्यांना मागे पोचवायला घेतलं होतं, कारण पाहुण्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करायची, हे आमच्याकडे लेकरालाही शिकवावं लागत नाही.

कड्यावरून पडला नव्हता. एवढं कळलं आणि ती त्या उताराला लागली. ओढ्यापर्यंत गेला, पुढे काय? पुढेही दोन डोंगर होते.

ओढ्यापलीकडच्या चढाच्या माथ्यावर लाकडांची मोळी उतरवून एक बाई विसावली होती. लुमेला झालं, कुठून कुठे झालं.

"तो तुमचा होता होय?" बाई म्हणाली. "चांगला माणूस हो. माझी मोळी हिसकावूनच घेतली आणि खांद्यावर टाकली. अख्खा चढ चढला. मी म्हणते द्या, लोक मला नावं ठेवतील, तर हसतो नुसता. इथे वर गिरणीला जाणारा गाढववाला म्हातारा भेटला, त्याच्याबरोबर लावून दिला. खाल्लं होतं का त्याने काही? मी भाजलेलं कणीस दिलं. तुम्ही पैसे घेता ना त्यांच्याकडून, मग उपाशी का हिंडवता?"

"खाल्लं त्याने कणीस?"

"दोन खाल्ली."

मापोलोको हसली आणि हसता हसताच रडली. शिव्या इतक्या गोड लागू शकतात हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. ती चालत राहिली. धुकं विरळ होत गेलं, आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी तिला फैलावर घेत होतं. गाढववाला म्हणाला, बाई, त्याच्या बुटाची नाडी सुटली होती, मी बांधली, तुमचं लक्ष कुठं असतं? गुरुवारच्या प्रार्थनेहून परतणाऱ्या, चर्चच्या महिला मंडळाच्या गणवेशातल्या बाया म्हणाल्या, आम्ही त्याला भजनं म्हणत पोचवला, गळा बरा आहे त्याचा, सूर नाही.

"कुठवर पोचवलात?"

"अगं, कुठवर म्हणजे? लेतुका म्हणाला ना तो. तुझ्या दारात पोचवला. तुझी सासू बाहेरच उभी होती."

मापोलोकोचा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी सासू आठवून पुन्हा वर आला.

गावाच्या वरच्या टेकाडावर फोन लागतो. तिथे उभं राहून तिने ऑफिसात फोन केला. त्या प्रार्थनेच्या बायांनी वाटेत सांगितलं होतं, कशाला सांगतेस, पाहुणा जेवायला घरी आला होता म्हण. पण ज्या माणसांचे जीव आपल्या हाती देतात, त्यांच्याबाबत खोटं बोलायचं तर हे काम करायचंच नाही, असं तिला वाटलं. तिने सगळं सांगितलं, ब्लँकेटांच्या मोजणीसकट. पलीकडच्या बाईने विचारलं.

"म्हणजे तो आता आहे कुठे?"

"माझ्या सासूकडे."

"मग त्याची काळजी नाही मला. तुझीच वाटतेय." फोनवर हसण्याचा आवाज आला. "लेखी दे सगळं. आणि पुढच्या सहलीत मागे चालायला तुला आणखी एक माणूस देते. हे आम्हीच आधी करायला हवं होतं."

हा सेक्वातीकडे निघालेल्या एका घोडेस्वाराजवळ फाकिसोसाठी निरोप देऊन ती घरी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. अँडर्स चुलीजवळ पुरुषांच्या बाजूला, घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले होते. ती खुर्ची तिच्या नवऱ्याची. मांडीवर ताटली, ताटलीत पापा आणि आंबट दूध. शेजारी माथाकाने शेंगा सोलत बसली होती. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघंही निवांत दिसत होती.

मापोलोको दारातच खाली बसली. इंग्रजीत म्हणाली, "मला माफ करा. तुम्ही हरवला होतात. चूक माझी होती."

"हरवलो होतो?" अँडर्स गोंधळले. "मला वाटलं, आजचा कार्यक्रमच असा आहे. कागदावर लिहिलं होतं ना, गावकऱ्यांच्या सोबतीने चालणे."

त्यांनी ताटली खाली ठेवली. सुरकुतलेले हात गुडघ्यांवर ठेवले.

"माझी पत्नी जाऊन दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "या दोन वर्षांत, कुठे चाललात, असं मला एकाही माणसाने विचारलं नाही. आज नऊ जणांनी विचारलं. मी मोजत होतो."

"काय म्हणतोय तो?" माथाकानेने विचारलं. "डोळे का पुसतोय? धूर लागला का?"

मापोलोकोने सांगितलं. म्हातारीचे हात शेंगांवर थांबले. तिला नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती आणि मुलगा जाऊन सोळा. ती सुनेला बरंच काही ऐकवणार होती, ते पाहुणा दारात आल्यापासून तोंडात तयार होतं, हे मापोलोकोला पक्कं ठाऊक होतं. म्हातारीने शेंगांची टोपली बाजूला सारली, आपलं बुटकं स्टूल ओढत खुर्चीच्या अगदी जवळ नेलं आणि पाहुण्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्याला विचार, तिचं नाव काय होतं," ती म्हणाली. "आणि कशी होती ते सांग म्हणावं. सगळं सांग म्हणावं, तू बस इथे, मला समजावून दे."